रिकामी खुर्ची आणि नववा नंबर

परवा पुतण्या गोव्याहून आला. मांडवीतल्या कॅसिनो बोटीवर पोकर खेळून आला होता, डोक्यात तेच. जेवताना म्हणाला, "काका, तुम्ही इतकी वर्षं लोकलमध्ये रमी खेळलात, तुम्हाला स्टू अंगर माहीत असेलच! काय भारी माणूस, खुर्चीवर नसतानासुद्धा नववा आला."

माहीत आहे. अंगर या अमेरिकन पत्तेबाजाबद्दल मिळेल ते वाचत आलोय मी. पण "नसतानासुद्धा नववा आला" हे कौतुकानं ऐकलं आणि घास घशात अडकला. म्हणून हे लिहितोय.

लोकांना वाटतं अंगर पोकरचा. मुळात तो रमीचा. जन्म १९५३, न्यूयॉर्कमधलं मॅनहॅटन. वडील बुकी, लोअर ईस्ट साइडला त्यांचा बार होता. पोरगा दहाव्या वर्षी जिन रमीची स्पर्धा जिंकला. १९६७ मध्ये वडील गेले, पुढे शाळा सुटली आणि आई-बहिणीचं घर पत्त्यांवर चालू लागलं.

जिन रमी म्हणजे दोघंच, हातात दहा-दहा पानं. आपली तेरा पानांची. पण गाभा एकच: समोरच्यानं काय उचललं आणि काय टाकलं. आम्ही डोंबिवलीहून फास्ट पकडायचो, ब्रीफकेस चौघांच्या मांड्यांवर आडवी, तिच्यावर डाव. आमच्यात एक होता, नाव लिहीत नाही. चार-पाच पानं टाकून होईपर्यंत तो शांतपणे म्हणायचा, "तू किलवरच्या सत्तीवर बसलायस." आणि मी खरंच सत्तीवर बसलेला असायचो. याला कुणी नशीब म्हणालं की मला राग येतो. प्रत्येक पडलेलं पान त्याच्या डोक्यात जागच्या जागी असायचं.

अंगरकडे हेच होतं, कितीतरी पटीनं. हॅरी स्टाइन हा जिन रमीतला नावाजलेला खेळाडू. त्याला अंगरनं ८६-० असं हरवलं. मग त्याच्यासमोर बसायला कुणी तयार होईना. "कॅटमधलं शेवटचं पान आधी बघून घ्या" अशी सवलत देऊनही तो जिंकायचा. रमीत गिऱ्हाईकच उरलं नाही, म्हणून पोकर.

१९८०, लास वेगासमधला बिनियन्स हॉर्सशू कॅसिनो, वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा. अंगर २६ वर्षांचा, समोर दोनदा जिंकलेला डॉयल ब्रन्सन. शेवटचा डाव मी कितीदा मनात खेळलोय. अंगरच्या हातात इस्पिकची पंजी आणि चव्वी. ब्रन्सनकडे एक्का आणि सत्ती. टेबलावर दोघांच्या सामाईक पानांपैकी पहिली तीन उघडली: एक्का, सत्ती, दुर्री. ब्रन्सनच्या दोन जोड्या झाल्या. अंगरला मधलं एकच पान हवं, तिर्री. मधल्या पानावर बसणं म्हणजे काय हे रमीवाल्याला सांगायला नको. चौथं पान पडलं ते तिर्री. एक्का ते पंजी सिक्वेन्स पूर्ण, दोन जोड्यांना भारी. ब्रन्सननं सगळे चिप्स, म्हणजे पैशांच्या जागी असतात त्या चकत्या, लावले आणि अंगर जिंकला. पुढच्या वर्षी तो पुन्हा जिंकला.

मग कोकेन आलं. पैसा तर आधीपासूनच टिकत नव्हता. पत्त्यांत जिंकायचा आणि घोड्यांवर, मॅचवर लावून मोकळा व्हायचा.

आता ती खुर्ची. १९९०, तीच स्पर्धा. त्याची फी बिली बॅक्स्टर या मित्रानं भरलेली. पहिले दोन दिवस अंगरनं चिप्सचा डोंगर उभा केला. तिसऱ्या दिवशी तो आलाच नाही. हॉटेलच्या खोलीत जमिनीवर बेशुद्ध पडलेला सापडला, ड्रग्जचा ओव्हरडोस. इकडे टेबलावर त्याची पानं वाटली जात होती आणि गोळा केली जात होती. पाळी आली की पानं वाटणारा डीलर हात लांब करून त्याच्या ढिगातून त्या पाळीला भरायचे ठरलेले चिप्स काढून घ्यायचा. माणूस नाही, ढीग मात्र हळूहळू खचतोय. तरी ढीग संपेपर्यंत नंबर नववा आला आणि बक्षिसाचे पैसेही मिळाले.

यात भारी काय आहे, सांग मला. डीलरच्या त्या हाताच्या प्रत्येक फेरीला मला आमची ब्रीफकेस आठवते. सत्ती ओळखणारा आमचा मित्र सकाळच्या गाडीलाही पिऊन यायला लागला होता. वास आम्हा सगळ्यांना यायचा. डाव रंगायचा म्हणून कुणी काही बोललं नाही. अंगरच्या मित्रांनी निदान उपचार घे म्हणून सांगून पाहिलं होतं. तो तयार झाला नाही. आम्ही तर तेवढंही केलं नाही.

१९९७ मध्ये बॅक्स्टरनं पुन्हा दहा हजार डॉलर भरले. ३१२ खेळाडू. अंगरच्या डोळ्यांवर निळ्या काचांचा गोल चष्मा, कोकेननं खाल्लेलं नाक झाकायला. पाकिटात मुलीचा फोटो. शेवटचा डाव भर फ्रेमॉन्ट स्ट्रीटवर, उघड्यावर. त्याच्याकडे एक्का-चव्वी, जॉन स्ट्रेम्पकडे एक्का-अठ्ठी. अगदी शेवटच्या पानापर्यंत स्ट्रेम्प पुढे. आणि शेवटचं पान दुर्री! पुन्हा मधलं पान, पुन्हा एक्का ते पंजी. दहा लाख डॉलर. त्यानं पाकिटातला तो फोटो बाहेर काढून कॅमेऱ्यासमोर धरला. सगळ्यांना हरवून ही स्पर्धा तीनदा जिंकणारा तो एकटाच.

अर्धे पैसे बॅक्स्टरचे. उरलेले काही महिन्यांत गेले.

१९९८ ला बॅक्स्टरनं परत फी भरली. खेळ सुरू व्हायला दहाएक मिनिटं असताना अंगरनं सांगितलं, थकलोय, खेळवत नाही. २२ नोव्हेंबरला ओअ‍ॅसिस मोटेलच्या सहा नंबरच्या खोलीत तो मेलेला सापडला. वय ४५. जवळ ८०० डॉलर होते. अंत्यविधीच्या खर्चासाठी तिथं जमलेल्यांत वर्गणी काढावी लागली.