माडीच्या जुन्या फळ्यांवर कोणता प्लाय टाकला अन् काऊन

आमचं घर परतवाड्याच्या अलीकडं एका खेड्यात. मातीच्या भिंती, वर कवेलू आणि मधात सागवानी फळ्यांची माडी. फळ्या इंचभर जाड, पण तीन पिढ्यांची चढ-उतर, तुरीची पोती, दर दिवाळीला भरलेला कापूस, यानं मधोमध अशा झिजल्या की पाय ठेवला की खोलगट लागते. लाकूड झिजलं पण खिळे कुठं झिजतात, त्यांची डोकी वर आली, पोरीच्या पायाला दोनदा लागलं तेव्हा ठरवलं की यंदा काहीतरी टाकायचंच.

फळ्या काढायचा विषयच नव्हता. आपल्या विदर्भाचं सागवान २०२३ मध्ये बल्लारपूरहून अयोध्येच्या मंदिरासाठी गेलं आणि आपण घरचं उखडून द्यायचं, मनाला पटतच नाही. सुतारकाकांनी आधी प्रत्येक फळी पेचकसानं टोचून पाहिली, भिंतीजवळच्या एकीत उधई निघाली, तेवढीच बदलली अन् आजूबाजूला औषध मारलं. हे आधी करा बरं का, वरून शीट ठोकली की खाली काय चाललं ते वरून दिसत नाही.

मग दुकान. दुकानदार म्हणे एमडीएफ घ्या, गुळगुळीत आहे, स्वस्त आहे. मी तीन तुकडे मागून घेतले, एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला), पार्टिकल बोर्ड (लाकडाचा चुरा दाबून केलेला) आणि बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्यालाही टिकणारा प्लाय, आणि रात्रभर बादलीत बुडवून ठेवले. सकाळी एमडीएफची कड फुगून भाकरीसारखी झाली होती, नखानं ओढली तर ओला भुसा हातात आला. पार्टिकल बोर्डाचा कोपरा तर चिमटीत चुरला. प्लाय ओला झाला होता पण थर जसेच्या तसे. बाबा बाजूला उभे होते, म्हणाले, "कवेलू दरसाल फेरले तरी एखाद्या पावसात गळतेच बाप्पा, मंग हे काऊन आनतं?" तिथंच निर्णय झाला.

प्लायमध्येही फरक आहे. शिक्का बघायचा. आयएस म्हणजे भारतीय मानक. आयएस ३०३ मध्ये एमआर आणि बीडब्ल्यूआर असे दोन ग्रेड येतात, एमआर म्हणजे नुसता ओलावा सोसणारा, कोरड्या जागेसाठी, बीडब्ल्यूआरचा तुकडा ८ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात. आयएस ७१० म्हणजे मरीन, त्याला ७२ तास. मरीन महाग, आणि माडीवर काही पाणी साचून राहत नाही, म्हणून आम्ही बीडब्ल्यूआर घेतला.

जाडीवर मात्र घरात वाद झाला. ६ एमएम टाकला तर तो फळ्यांच्या खोलगटीतच बसतो, पायाखाली दबते. १८ एमएमची आठ बाय चारची एक शीट तीस किलोच्या वर भरते, एवढं वजन फळ्यांखालच्या जुन्या लाकडी कड्यांवर कशाला, फळ्या तर मजबूतच आहेत. १२ एमएम साधारण वीस-बावीस किलो. तोच ठरला. खोली चौदा बाय अकरा, म्हणजे १५४ चौरस फूट, हिशेबानं पाच शीट पुरतात पण कापाकापीत जातं म्हणून सहा आणल्या. जिना इतका अरुंद की अख्खी शीट वर जाईना, अंगणातच चार बाय चारचे तुकडे केले आणि दोन दिवस माडीवर तसेच उभे ठेवले, हवा लागू दिली.

काकांनी खिळे आत ठोकले, जास्त खोल जागा भरून घेतल्या, मग तुकडे विटांसारखे आडवे-तिडवे जोड सोडून बसवले. दोन तुकड्यांत दोन-तीन एमएम फट, भिंतीशी बोटभर, कारण इथं मे महिन्यात लाकूड आटते अन् पावसाळ्यात फुगते. स्क्रू ३२ एमएमचे, कडेला सहा-सहा इंचांवर. त्याहून लांब घेतले असते तर टोकं खालच्या खोलीच्या छतातून बाहेर आली असती, आणि खालून ते जुनं सागवान अजून तसंच दिसते, ते मला जपायचंच होतं. प्लास्टिक मधात टाकलं नाही, लाकडाला खालून-वरून हवा पाहिजे.

एक गोष्ट मात्र आधी सुचली नाही. माडी १२ एमएम वर आली, म्हणजे जिन्याची शेवटची पायरी बाकीच्यांपेक्षा तेवढीच उंच झाली. पहिल्याच संध्याकाळी आईचा पाय अडकला, कठडा हातात होता म्हणून बरं. काकांनी दुसऱ्या दिवशी त्या कडेला सागाची गोल पट्टी मारली, मी तिला पिवळा रंग दिला, आणि आता रात्री वर जाताना आई आधी ती पट्टी पायानं चाचपते.