तुम्ही मला, एका गीतकाराला, विचारलंत म्हणून: गाण्यात आधी चाल की आधी शब्द?

चाल. बहुतेक वेळा चालच आधी. हे ऐकून तुमचा चेहरा किंचित पडतो, तो मला दिसतो. जणू मी मापं घेऊन कपडे शिवून देणारा शिंपी निघालो.

मग गीतरामायण निघतं. पुण्यात ते निघणारच. १९५५ च्या एप्रिलमध्ये इथल्याच आकाशवाणीवर सुरू झालं, आठवड्याला एक नवं गाणं, एकूण ५६. माडगूळकरांचे शब्द आधी, बाबूजींची, म्हणजे सुधीर फडक्यांची, चाल नंतर. मान्य. पण ओवी-अभंग लिहिणाऱ्यांनाही साचा आधीच मिळाला होता की! त्यांना कुणी विचारत नाही, आधी ओवी की आधी शब्द.

असो. खरं सांगायचं तर आधी येते ती डमी. चाल पाठवताना संगीतकार तोंडाला येतील ते शब्द घालून गातो, ती डमी. आमचे हे महाशय मध्यरात्री पेटी घेऊन बसतात आणि व्हॉट्सॲपवर टाकून झोपतात. ज्या गाण्याबद्दल तुम्ही हमखास विचारता, त्याची डमी होती, "चहा ठेवू का, जरा थांबशील का". त्यावर मी बरेच मुखडे, म्हणजे गाण्याच्या सुरुवातीच्या ओळी, लिहिले आणि एक पक्का केला: "उन्हं ओसरली, कुणा कळलंच ना". मला तो आवडला होता. अजून आवडतो.

त्याचं रेकॉर्डिंग, आमच्या भाषेत डबिंग, एरंडवण्यात होतं. ट्रॅक तयार, बासरी आणि तबला आधीच डब झालेले, गायक काचेपलीकडे कानात लयीची टिकटिक, म्हणजे क्लिक, घेऊन उभा. पहिल्या तुकड्याच्या शेवटी वरच्या 'सा'वर थांबायचं होतं. डमीत तिथे 'का' होता, मोकळा आकार. माझ्याकडे 'ली'. तेवढ्या उंचीवर ईकार धरला की त्याचा आवाज चिमटल्यासारखा यायचा. पुन्हा घेतलं. नुसता 'ली' पंच करून, म्हणजे तेवढाच पुन्हा गाऊन जोडून, पाहिला. रेकॉर्डिस्ट म्हणाला, सूर मागाहून सरळ करता येईल, पण हा कोतेपणा जाणार नाही. स्टुडिओचं मीटर चालू. मधेच लेव्हल बघायला म्हणून गायकाने डमी गायली, हसत हसत, आणि आत बसलेले सगळे एकदम सावरून बसले. निर्मात्याने माझ्याकडे न बघताच विचारलं, "हेच ठेवलं तर?" संगीतकार मात्र माझ्याकडेच बघत होता.

"ठेवा," मी म्हणालो.

आवाजासाठी मोठं मन केलं, असं मी पुढे बरेच दिवस सांगत होतो. तसं काही नव्हतं. ती ओळ मलाही बरी वाटली होती, आणि राग त्याचाच आला होता.

दोन्ही अंतरे, म्हणजे मुखड्यानंतरची कडवी, माझे आहेत, ऐका कधीतरी. पण रीलला मुखड्याच्या पुढे जायचं कारणच पडत नाही. "किती साधं सुचलं हो तुम्हाला!" असं तुम्ही म्हणता आणि मी "हं" म्हणतो. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीपासून गीतकाराला रॉयल्टीवरचा हक्क निर्मात्याला लिहून देता येत नाही. ते योग्यच झालं, त्या बाजूने मी चार लोकांत तावातावाने बोलतो. आणि या एका ओळीचे पैसे कुणाचे? संगीतकाराला म्हटलं, शब्दांत तुझंही नाव घालू. तो म्हणाला, "अंतऱ्याशिवाय गाणं होतं का कधी?" होतं की. रोज होतं.

कॉलेजात फिरोदिया करंडकाच्या स्पर्धेसाठी रात्र रात्र जागून गाणी लिहिणारा तेव्हाचा मी असतो तर म्हणालो असतो, नाव काढून टाक. त्याला घरभाडं भरायचं नव्हतं, हे माझं उत्तर. पण भाडं काय, इतर कामांतूनही निघतं, हे त्यालाही कळलं असतं. नाव ठेवलं कारण गाणं गाजलं. पडलं असतं तर डमीची गोष्ट मी स्वतःच पहिल्याच दिवशी सांगितली असती.

आता नव्या चालीसाठी मी अट घातली आहे: नुसत्या आकारात गाऊन पाठव, शब्द नकोत. तो म्हणतो, शब्दांशिवाय मला सुरांच्या जागाच सापडत नाहीत. त्यावर आमचं अजून चालू आहे.