आमची वाटचाल : बैलाच्या शिंगापासून अंगठीपर्यंत

आमच्या घरचं वर्ष तान्ह्या पोळ्यावरून मोजलं जायचं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरातली लहान पोरं लाकडाचे नंदीबैल सजवून दारोदार नेतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे मागतात. भोसल्यांच्या काळापासून चालत आलेली ही रीत. ते बैल घडवायचं काम आजोबांनी केलं, मग बाबांनी. एरवी दारं-खिडक्या, पाट, देव्हारे. पण उन्हाळा सरत आला की नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घराच्या पडवीत बैलांची धडं ओळीने उभी राहायची आणि पोळ्यापर्यंत घरात पॉलिशचा वास असायचा. मी त्या वासातच अभ्यास केला, बी.कॉम. झाले आणि सीताबर्डीला एका ऑफिसात हिशेबाच्या नोकरीला लागले. लाकडात हात घालेन, त्याच्या अंगठ्या करेन असं तेव्हा मलाही वाटलं नव्हतं.

सुरुवात वहिनीच्या बोटापासून झाली. आर्टिफिशियल अंगठी घातली की तिला चट्टे उठायचे. स्वस्त दागिन्यांतलं निकेल अनेकांच्या कातडीला सोसत नाही, हे डॉक्टरांकडून नंतर कळलं. सोन्याची रोज घालून भांडी घासायची तिची तयारी नव्हती. २०१३च्या पोळ्यानंतर पडवीत सागाचे तुकडे पडलेले होते. एका रविवारी मी त्यातली एक फळी घेतली, बाबांच्या हात-ड्रिलने भोक पाडलं, बाहेरून आरीने गोल कापलं आणि कानस मारत बसले. संध्याकाळी अंगठी तयार झाली. वहिनीने घातली. चौथ्या दिवशी कणीक मळताना तिचे दोन तुकडे झाले.

बाबांनी ते तुकडे उजेडात धरले आणि म्हणाले, "बैलाच्या शिंगाले आडवी रेषा देत नाही आपण, माहीत आहे ना तुले?"

माहीत होतं, पण समजलेलं नव्हतं. बैलाचं धड एका ओंडक्यात कोरतात, शिंगं मात्र वेगळी करून बसवतात. कारण शिंगाच्या लांबीबरोबर लाकडाची रेषा, म्हणजे त्यातल्या धाग्यांची दिशा, धावली पाहिजे. धडाबरोबर कोरलेल्या शिंगात ती आडवी येते आणि पोराच्या हातून बैल पडला की पहिलं शिंग जातं. अंगठी तर सगळीकडून शिंगच. फळीतून कापलेली अंगठी घड्याळाच्या तबकडीसारखी समोर धरा. रेषा बारावरून सहाकडे जात असेल, तर तीन आणि नऊच्या जागी ती कड्याबरोबर धावते. तिथे कडं मजबूत. बारा आणि सहाच्या जागी तीच रेषा कड्याला आडवी कापते, आणि दोन मिलीमीटर जाडीचं लाकूड तिथे बिस्किटासारखं तुटतं. ओंडक्याच्या टोकाकडून, म्हणजे रेषेच्या दिशेनेच भोक पाडलं तर आणखी वाईट, कारण मग घेरभर कुठेही तडकू शकतं.

पुढची दीड वर्षं मी आणि वहिनी याच एका गोष्टीशी झुंजत होतो. आधी फळीचे दोन पातळ तुकडे एकमेकांवर आडवे-उभे चिकटवले, प्लायवूडमध्ये असतात तसे. एकाची कमजोर जागा दुसऱ्याने सांभाळायची. हा उपाय चालला आणि आजही जाड अंगठ्यांसाठी आम्ही तोच वापरतो. त्याच काळात कामाचा क्रमही पक्का झाला. आधी भोक, मग घेर. बाहेरून गोल कापून मग भोक पाडायला जाल तर दहातल्या सहा फुटतील. चौकोनी तुकडा व्हाइसमध्ये घट्ट धरायचा, खाली रद्दी लाकूड ठेवायचं म्हणजे ड्रिल बाहेर पडताना कड उचकटत नाही. अर्ध्यापर्यंत एका बाजूने जायचं, मग उलटवून दुसऱ्या बाजूने. आतला गोल कानशीने मापाला आणायचा आणि सगळं जमल्यावरच बाहेरची रेघ ओढायची.

मापासाठी मी इतवारीच्या सराफा ओळीतल्या एका सोनारकाकांकडे गेले. त्यांनी मापाच्या रिंगांचा जुडगा हातात दिला आणि सोपी युक्ती सांगितली. आपल्याकडच्या मापाच्या आकड्यात चाळीस मिळवा, आतला घेर साधारण तेवढे मिलीमीटर. अठरा नंबर म्हणजे अठ्ठावन्न मिलीमीटर घेर, साडेअठरा मिलीमीटर व्यास. त्यांनी एक पैसा घेतला नाही, उलट चहा पाजला.

धरमपेठेतल्या एका छोट्या प्रदर्शनात आम्ही पहिल्यांदा टेबल लावलं. बावीस अंगठ्या नेल्या होत्या, नऊ विकल्या गेल्या. त्या रात्री वहिनी आणि मी रिक्षात पैसे तीनदा मोजले.

मग आली ती गोष्ट, जी मी कुणापासून लपवत नाही. २०१५च्या लग्नसराईत एका जोडप्याने साखरपुड्यासाठी लाकडाच्या अंगठ्या मागितल्या. आम्हाला आभाळ ठेंगणं झालं. त्यांना अगदी नाजूक हव्या होत्या, दोन थरांनी जाड दिसतात म्हणून मी एकाच फळीतून कापून दिल्या. माहीत असून दिल्या. अकराव्या दिवशी मुलाची अंगठी मोटरसायकलचा क्लच दाबताना तुटली. फोनवर तो रागावला नाही, "ताई, घरच्यांना अपशकुन वाटतोय हो" एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी जाऊन पैसे परत केले आणि त्याच्या आईची माफी मागितली. ते दोन तुकडे अजून माझ्या खणात आहेत.

त्यानंतर तीन महिने आम्ही एकही ऑर्डर घेतली नाही. एका दुपारी बाबा देव्हाऱ्याच्या चौकटीला रंधा मारत होते. मी झाडू घेऊन उभी होते. रंध्यातून लांब सालपट निघत होतं आणि निघता निघता आपोआप गोल वळत होतं. लहानपणापासून आम्ही ती सालपटं कानात डूल म्हणून अडकवून खेळलो होतो. मी एक उचललं आणि बोटाला गुंडाळलं. रेषा बोटाभोवती पूर्ण फिरत होती. बारा, तीन, सहा, नऊ, कुठेच आडवी नाही. बाबांकडे बघितलं तर ते माझ्या बोटाकडे बघत होते. म्हणाले, "पाते जरा खाली घेतो. जाड काढून देतो तुले."

आज आमच्या दहातल्या आठ अंगठ्या अशाच होतात, म्हणून हे काम जरा सविस्तर सांगते. सरळ रेषेचं, गाठ नसलेलं लाकूड घ्यायचं आणि रंध्याने अर्धा मिलीमीटर जाडीचं सालपट काढायचं. अठरा नंबरच्या अंगठीला चार वेढे लागतात. पहिला अठ्ठावन्न मिलीमीटरचा, मग प्रत्येक वेढा तीन-तीन मिलीमीटरने वाढत जातो. म्हणजे पंचवीस सेंटिमीटर, आणि टोकं उतरवायला थोडं वर. उकळून उतरवलेल्या पाण्यात ते दहा-पंधरा मिनिटं ठेवायचं. बाहेर काढलं की ओल्या चामड्यासारखं लागतं. मापापेक्षा किंचित बारीक दांड्यावर घट्ट गुंडाळून दोऱ्याने बांधायचं आणि रात्रभर सोडून द्यायचं. वाकवताना कुठे "टिक" असा आवाज आला तर ते सालपट तिथेच बाजूला टाकायचं. तो आवाज म्हणजे धागा तुटला. दुसऱ्या दिवशी वेढा सोडला तरी लाकडाला वळण राहिलेलं असतं. मग दोन्ही टोकं पॉलिश पेपरवर घासून कागदासारखी पातळ करायची, म्हणजे आत बोटाला पायरी लागत नाही आणि बाहेर सांधा दिसत नाही. आणि मग पुन्हा गुंडाळायचं, या वेळी गोंद लावत.

साग तेलकट असतो, गोंद नीट धरत नाही. चिकटवण्याआधी थिनरच्या बोळ्याने पुसून घ्यावा लागतो. सागात वाळूसारखे बारीक कणही असतात, त्याने रंध्याचं पातं लवकर बोथट होतं. बाबा दर अर्ध्या तासाला पातं दगडावर घासतात. ते घासत असले की आमच्यातलं कुणी त्यांच्याशी बोलत नाही.

लाकूड बहुतेक लकडगंजातून येतं. नावातच लाकूड असलेली ही पेठ नसती तर आमचा धंदा उभा राहिला नसता. चंद्रपूर-गडचिरोलीकडचा साग, ज्याला व्यापारी अजून जुन्या मध्य प्रांताच्या (सेंट्रल प्रॉव्हिन्सेस) नावाने 'सीपी टीक' म्हणतात, तो देशभर जातो; दिल्लीच्या नव्या संसद भवनाला नागपूरहून साग गेला तेव्हा आरा मशीनवाल्या काकांनी पेढे वाटले होते. आम्हाला लागतात त्याच सागाच्या कापून उरलेल्या पट्ट्या. पिवळा हवा असेल तर हळदू, फिकट हवा तर शिवण, गर्द तपकिरी हवा तर शिसम. शिसम आम्ही बिलाशिवाय घेत नाही, त्याच्या डालबर्जिया या वंशातल्या सगळ्या जाती २०१७पासून सायटीस या, धोक्यातल्या झाडा-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत. चंदनाची अंगठी महिन्याला कुणीतरी मागतंच. नाही म्हणते, आणि कारणही सांगते.

संत्र्याचं लाकूड मात्र लकडगंजात मिळत नाही. २०१८ साली काटोलकडच्या एका शेतकरी दादांचा फोन आला. डिंक्या रोगाने त्यांची जुनी बाग गेली होती, झाडं तोडून चुलीत घालायची वेळ आली होती. "तुम्ही लाकडाचं काही करता म्हणे, एखादं खोड तरी कामी येईल का?" आम्ही टेम्पो घेऊन गेलो. पंचवीस वर्षं आंबिया आणि मृग असे संत्र्याचे दोन्ही हंगाम घेतलेली झाडं बांधावर आडवी पडली होती. दादा प्रत्येक खोडाला हात लावून सांगत होते, याला गोडी जास्त होती, याची साल पातळ होती. संत्र्याचं लाकूड फिकट पिवळं, घट्ट विणीचं आणि जड. पॉलिश पेपरचे दाणे वाढवत सहाशेपर्यंत गेलं की हस्तिदंतासारखी चकाकी येते. पण वाळताना फार फुटतं. पहिल्या खेपेचं अर्ध्याहून जास्त लाकूड आम्ही गमावलं. आता तोडल्या दिवशीच दोन्ही टोकांना मेण थापतो, सावलीत वर्षभर ठेवतो आणि मगच चिरतो. गाठी इतक्या की पंचवीस सेंटिमीटरची सरळ पट्टी एका खोडातून जेमतेम सात-आठ निघतात. पहिल्या चांगल्या पट्टीची अंगठी दादांच्या कारभारणीला दिली. ती माउली कितीतरी वेळ अंगठीचा वासच घेत होती.

नागपूरची हवा आमची परीक्षा घेते. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर, हवा कोरडी ठाक. जुलैत भिंतींना ओल. लाकूड रेषेच्या दिशेने जवळजवळ हलत नाही, आडव्या दिशेने मात्र फुगतं आणि आकसतं. त्यामुळे फळीतून कापलेली अंगठी ऋतू बदलला की केसभर लंबगोल होते आणि गिऱ्हाइकाला वाटतं आपलं बोट सुजलं. गुंडाळलेल्या अंगठीत हा त्रास फार कमी, कारण तिच्या घेरावर रेषाच रेषा. तरीही पाण्याबद्दल विचारलं तर मी खरं तेच सांगते. हात धुतलेले चालतात, भिजत घातलेले कपडे नाहीत. आंघोळीला आणि पोहायला जाताना काढा. वर्षातून एकदा आमच्याकडे पाठवा, पॉलिश फुकट करून देतो.

पॉलिशचा धडा २०२० साली मिळाला. तोवर आम्ही बाबांच्या पद्धतीने चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून हात देत होतो. सुंदर उबदार रंग यायचा. मग कोरोना आला, दिवसातून वीस वेळा सॅनिटायझर लागायला लागलं, आणि अंगठ्या परत यायला लागल्या. चिकट झालेल्या, पांढरे डाग पडलेल्या. सॅनिटायझरमधलं अल्कोहोल लाख विरघळवतं, ज्या स्पिरिटमध्ये आम्ही ती विरघळवत होतो त्याचंच हे भावंड. तेव्हा प्रदर्शनं बंद, लग्नं पन्नास माणसांत, नवी ऑर्डर नाही. तरी वहिनी म्हणाली, आलेली प्रत्येक अंगठी परत करून द्यायची. एक्केचाळीस अंगठ्या आम्ही खरवडून पुन्हा केल्या, टपालखर्च आमचा. तेव्हापासून रोजच्या वापराच्या अंगठीला आतून-बाहेरून फेविक्विकच्या जातीच्या पातळ गोंदाचे सात-आठ हात देतो आणि घासून चकचकीत करतो. ज्यांना लाकडाचा स्पर्श हवा त्यांना जवसाचं तेल आणि मधमाशीचं मेण. विदर्भात जवसाला काय तोटा! लाखेचा हात आता फक्त बैलांना.

त्याच वर्षी उद्यम नोंदणी केली आणि मी नोकरी सोडली. बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हाताने माझ्यासाठी बसून काम करायचा ओटा केला, माझ्या उंचीचा.

आज आम्ही चौघी आहोत. मी, वहिनी, शेजारच्या वस्तीतल्या एक मावशी आणि त्यांची पुतणी. शिवाय रंध्यावर बाबा. दिवसाला चौदा-पंधरा अंगठ्या होतात. मशीन घ्या, दिवसाला दोनशे काढाल, असं सांगणारे बरेच भेटतात. एका मोठ्या भेटवस्तूवाल्यांनी तीनशेची ऑर्डर देऊ केली होती, वीस दिवसांत हव्या म्हणून. सालपट वाळायला लागणारी रात्र कमी करता येत नाही, म्हणून नाही म्हटलं. भोकासाठी विजेचा ड्रिल आम्हीही घेतला आहे, मशीनशी वैर नाही. पण कानस रेषेच्या उलट गेली की मनगटाला ती अडकल्याचं कळतं, आणि त्याच वेळी हात थांबतो. मावशींना हे दुसऱ्याच आठवड्यात कळलं. त्यांनी आयुष्यभर सुपात धान्य पाखडलं आहे, त्यांच्या मनगटाला मला काही शिकवावं लागलं नाही.

साखरपुड्याच्या त्या मुलालाही गुंडाळलेली अंगठी पाठवली होती, त्याने मागितली नसताना. गेल्या वर्षी तो पॉलिशला घेऊन आला. तळव्याच्या बाजूने झिजली आहे, सांधा शाबूत आहे.

या मृगाच्या आधी काटोलहून अकरा खोडं आली. टोकांना मेण लावून ती पडवीत, जिथे बैल उभे राहायचे तिथे, विटांवर मांडून ठेवली आहेत. प्रत्येकावर वहिनीने खडूने तारीख लिहिली आहे. बाबा रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्यांच्यापाशी जातात आणि बोटाच्या पेराने टकटक करून ऐकतात. "अजून ओलं बोलते," असं काल म्हणाले.