कोल्हापुरात सुरू झालेली मॅच खानापुरात संपली

28 ऑक्टोबर 2025, मंगळवार. कोल्हापूर स्टँडवर बेळगाव गाडी अजून लागायची होती आणि तिकडं लॉस एंजलिसमध्ये पहिला चेंडू पडला होता. वर्ल्ड सिरीजची, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या अंतिम मालिकेची तिसरी मॅच, लॉस एंजलिसचे डॉजर्स विरुद्ध टोरांटो ब्लू जेज. त्यांची सोमवारची संध्याकाळ, आमची मंगळवारची पहाट. सुगीसाठी खानापूरला मामांकडं निघालो होतो. गाडीला तीन तास, मॅचलाही साधारण तीन तास, म्हणजे बेळगावात उतरून निवांत चहा घेऊ असा माझा हिशेब.

कागल गेलं, दूधगंगा ओलांडली, कोगनोळीपासून पाट्या कन्नड झाल्या. तवंदी घाटात रेंज गेली तेव्हा टोरांटो 4-2 नं पुढं होतं; संकेश्वरजवळ परत आली तेव्हा 4-4. पुढं सातव्या इनिंगमध्ये टोरांटोनं एक धाव काढली, पण त्याच इनिंगमध्ये डॉजर्सच्या शोहेई ओतानीनं त्या दिवसाचा दुसरा होम रन मारला, म्हणजे चेंडू थेट कुंपणापलीकडं, आणि 5-5 झालं. त्यानंतर टोरांटोनं त्याला खेळूच दिलं नाही. चार वेळा मुद्दाम पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या पहिल्या टप्प्यावर, चालत पाठवून दिलं! काकती मागं पडलं, किल्ल्याचा खंदक दिसला, बेळगाव आलं. ठरलेल्या नऊ इनिंग झाल्या तरी 5-5 च.

बरोबरी झाली की जादा इनिंग खेळतात, पण बेसबॉलच्या साखळी सामन्यात मॅच फारशी लांबत नाही. 2020 पासून दहाव्या इनिंगपासून प्रत्येक संघाला दुसऱ्या बेसवर एक धावपटू आयता मिळतो, मॅच लवकर संपावी म्हणून. मला तो नियम अजिबात आवडत नाही. सुदैवानं साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांत, म्हणजे प्लेऑफमध्ये, तो लागू नाही. तिथं धाव कमवावी लागते आणि समोरच्याचे तीन गडी बाद करावे लागतात. आघाडी घेऊन वेळ काढत बसायची सोयच नाही.

टेनिसवर माझा जीव जडला तो याचसाठी, आणि तोही खानापुरातच. 2008 च्या जुलैमध्ये विम्बल्डनची फायनल मामांच्या सोप्यात बसून पाहिली. तिकडं पावसानं खेळ थांबत होता, इकडं खानापूरचा पाऊस कौलांवर कोसळत होता. फेडरर दोन सेट मागं. चौथ्या सेटच्या टायब्रेकमध्ये, म्हणजे 6-6 ची बरोबरी फोडणाऱ्या डावात, नदालला विजयासाठी एकच गुण हवा होता आणि फेडररनं बॅकहँड असा रेषेलगत सोडला की मी ओरडून घर जागं केलं. पाचव्या सेटमध्ये लाईट गेली. मामांनी कंदील लावला, आम्ही दोघं काळ्या पडद्याकडं बघत बसलो. लाईट आली तेव्हा 7-7. नदाल 9-7 नं जिंकला. मध्यरात्र उलटून गेली होती, मला रडू आवरेना. मामा म्हणाले, ‘‘रडतोस कशाला? निकाली झाली की कुस्ती!’’

मामांनी तरुणपणी आनंदवाडीच्या आखाड्यातली मैदानं बघितलेली. पाठ लागल्याशिवाय कुस्ती सुटली तर त्यांना जेवण गोड लागत नाही. गुणांवर दिलेला निकाल त्यांना अजून पटत नाही. त्या रात्रीपासून टेनिससाठी माझ्याकडं ‘निकाली’ हाच शब्द आहे. 2025 च्या पॅरिसच्या फ्रेंच ओपन फायनलमध्ये सिनरकडं तीन चॅम्पियनशिप पॉइंट होते, एक जरी जिंकला असता तरी तो विजेता. घड्याळावर चालणारा खेळ असता तर तिथंच संपला असता. अल्काराझनं तिन्ही वाचवले आणि 5 तास 29 मिनिटांनी तोच जिंकला. आता चारही ग्रँड स्लॅममध्ये शेवटच्या सेटला 6-6 वर दहा गुणांचा टायब्रेक असतो. खेळाडूंच्या शरीराचा विचार केला तर बरोबर असेल, पण 9-7 ची सर त्याला नाही.

बेळगावात मामांसाठी कुंदा घेतला आणि खानापूर गाडीत बसलो. पिरनवाडी, मच्छे. बाराव्या इनिंगमध्ये तिन्ही बेस भरलेले असताना डॉजर्सनी चेंडू टाकायला पिचर क्लेटन कर्शॉला आणलं. 37 वर्षांचा, याच हंगामानंतर निवृत्त होणारा. त्यानं तो एक गडी बाद केला आणि माझ्या शेजारच्या आजींनी विचारलं, ‘‘काय बघूलालास रे एवढं?’’ काय सांगणार! चेंडूचा खेळ म्हटलं.

मामांच्या अंगणात पोचलो तर पंधरावी चालू. खळ्यावर भाताच्या पेंढ्या रचलेल्या, ओल्या पिंजराचा वास. मामा माझ्या खांद्यावरून फोनमध्ये डोकावत होते. डॉजर्सकडं पिचर उरले नव्हते. विल क्लाईन नावाचा पोरगा चार इनिंग टाकत राहिला, 72 चेंडू, एकही धाव दिली नाही. अठराव्या इनिंगमध्ये डॉजर्सची पाळी येताच त्यांच्या फ्रेडी फ्रीमननं चेंडू मधल्या कुंपणापलीकडं धाडला. 6-5, मॅच डॉजर्सची. इथं दुपारचे सव्वाबारा होऊन गेलेले. दोन्ही संघांचे मिळून 19 पिचर, 609 चेंडू.

‘‘ज्यानं मारला तो राहू दे,’’ मामा म्हणाले, ‘‘त्या शेवटच्या पोराचं नाव काय म्हटलास?’’

‘‘क्लाईन.’’

त्यांनी दोनदा म्हणून बघितलं. मग कुंद्याचा पुडा उघडत विचारलं, ‘‘पुढची कधी?’’

‘‘उद्या पहाटे साडेपाचला.’’

‘‘मी पाचाला धार काढायला उठतोच. उठवतो तुला.’’