हॉक अँड डव्ह : सगळे अंक क्रमाने वाचून काढताना

युद्ध आणि शांती या दोन वृत्तींना सुपरहिरोचा पोशाख चढवून एकाच घरात नांदवायची, ही कल्पना डीसी कॉमिक्सने 1968 साली छापली. हँक हॉल आणि डॉन हॉल हे सख्खे भाऊ. थोरल्या वादाचं कारण एकच : हँकला प्रत्येक प्रश्नाचं उत्तर ठोसा वाटतं, डॉनला ठोसा हाच प्रश्न वाटतो. पहिला हॉक (ससाणा) झाला, दुसरा डव्ह (कबुतर). 2012पर्यंत ही जोडी पाच वेगवेगळ्या मालिकांत आली. मधल्या काळात माणसं मेली, बदलली, परतही आली. हे सगळं मी सुट्या अंकांतून आणि संग्रहांतून क्रमाने वाचून काढलं. कुणाला तसंच वाचायचं असेल तर क्रम कसा लावायचा, अडकायला कुठे होतं आणि जुनी प्रत घेताना काय बघायचं, ते इथे लिहिते आहे.

पहिला अडथळा नावाचा. 1968ची मालिका ‘द हॉक अँड द डव्ह’, सहा अंकांची. त्यानंतर ‘हॉक अँड डव्ह’ या नावाने 1988मध्ये पाच अंक, 1989 ते 1991 या काळात 28 अंक आणि दोन वार्षिकांक, 1997मध्ये पुन्हा पाच अंक आणि 2011मध्ये आठ. म्हणजे ‘हॉक अँड डव्ह, अंक 1’ असं लिहिलेली चार वेगळी कॉमिक्स बाजारात आहेत. त्यात भर म्हणजे 1988 आणि 2011 या दोन्ही पहिल्या अंकांची रेखाटनं रॉब लायफेल्ड यांचीच. विक्रेत्याने यादीत नुसतं ‘अंक 1, लायफेल्ड’ लिहिलं असेल तर मागवण्याआधी साल विचारा. सर्वांत सोपी खूण छापील किमतीची : 1968–69चे अंक 12 सेंटचे, 1988चे 1 डॉलरचे, 2011चे 2.99 डॉलरचे. खात्री करायची असेल तर आतल्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेल्या प्रकाशन-तपशिलाचा फोटो मागवावा. मुखपृष्ठावरचा महिना विक्रीच्या महिन्यापेक्षा साधारण दोन महिने पुढचा असतो. दोन मालिकांचे अंक एकमेकांत ओवून वाचायचे असतील तर सगळीकडे मुखपृष्ठावरचाच महिना धरा, नाहीतर क्रम बिघडतो.

वाचताना मी प्रत्येक अंकाखाली तीन नोंदी करत गेले : पहिलं पाऊल कोणी उचललं, लढत कोणी संपवली, आणि डव्हच्या मार्गाने एखादा तरी जीव वाचला का. तिसरी नोंद सर्वांत महत्त्वाची. हॉक लिहिणं सोपं आहे. राग आला, भिंत फुटली, पान भरलं. डव्ह लिहायला लेखकाकडे शांततेबद्दल स्वतःचं काहीतरी म्हणणं असावं लागतं. ते नसेल तिथे अंक कोसळतो, मग चित्रं कितीही उत्तम असोत. एवढी वर्षं ही जोडी टिकली आणि तितक्याच वेळा बंद पडली, याचं कारण माझ्या मते हेच आहे.

सुरुवात ‘शोकेस’ 75पासून करायची, मुखपृष्ठावरची तारीख जून 1968. ‘शोकेस’ हे डीसीचं नवी पात्रं पारखून बघायचं मासिक. नवा फ्लॅशही 1956मध्ये त्याच्याच चौथ्या अंकातून आला होता. 75व्या अंकाचं लेखन स्टीव्ह डिटको आणि स्टीव्ह स्कीट्स यांचं, चित्रं डिटकोंची. व्हिएतनाम युद्धावरून अमेरिका दुभंगली होती, युद्धाच्या बाजूच्यांना हॉक आणि विरोधकांना डव्ह म्हणायची पद्धत वर्तमानपत्रांत रुळली होती, त्यामुळे नावं वाचकाला समजावून सांगायची गरजच नव्हती. भावांचे वडील अर्विन हॉल न्यायाधीश. त्यांच्यावर हल्ला होतो, मुलं गुन्हेगाराचा माग काढत जातात आणि कोंडली जातात. तिथे एक अदृश्य आवाज त्यांना शक्ती देतो. या शक्तीच्या अटी लक्षात ठेवा, पुढचे अंक त्यांच्यावरच चालतात. धोका किंवा अन्याय समोर असेल तरच नाव उच्चारून रूप बदलतं, आणि धोका टळला की शक्ती आपोआप जाते. वडिलांना मुखवटे घालून कायदा हातात घेणारे लोक मुळीच पसंत नाहीत. युद्धखोर आणि शांततावादी यांच्यामध्ये कायदा मानणारा तिसरा माणूस बसवणं, ही या पहिल्या अंकाची मोठी कमाई. पुढच्या कित्येक लेखकांनी वडिलांना बाजूला टाकलं आणि संवाद तेवढे पातळ झाले.

त्यानंतर 1968–69चे सहा अंक. इथे घाई करू नका, कारण पडद्यामागची ओढाताण पानांवर दिसते. डिटको व्यक्तिवादी तत्त्वज्ञानाचे कट्टर समर्थक, स्कीट्स उदारमतवादी. आपण डव्हसाठी लिहिलेली धाडसाची कामं छापील पानांत हॉककडे जात, असं स्कीट्स यांनी पुढे सांगितलं आहे. हे ठाऊक असेल तर दुसरा अंक वेगळाच वाचता येतो : डव्हच्या हालचालींचं रेखाटन आणि त्याच्या तोंडचे शब्द एकमेकांशी भांडताना दिसतात. डिटको दुसऱ्या अंकानंतर गेले. तिसऱ्यापासून चित्रं गिल केन यांची, स्कीट्सचं लेखन चौथ्यापर्यंत, शेवटचे दोन अंक केन यांनीच लिहिले. केन यांची शरीररचना जोमदार, उड्या आणि फेकी बघत राहाव्यात अशा, पण डव्हची घालमेल ते हुंदक्यांतच दाखवतात. माझ्या तिसऱ्या नोंदीत इथे बहुतेक ‘नाही’ आहे.

मालिका चालू असतानाच ‘टीन टायटन्स’ या डीसीच्या तरुण नायकांच्या चमूच्या मालिकेत, 21व्या अंकात, ही जोडी पाहुणी म्हणून येते. तो अंक पाचव्या-सहाव्याच्या आसपास वाचावा. खरा महत्त्वाचा आहे तो ‘टीन टायटन्स’ 25 (जानेवारी–फेब्रुवारी 1970), चित्रं निक कार्डी यांची. शांततेसाठी झटणाऱ्या डॉ. स्वेन्सन यांचा खून होतो, तो या तरुण नायकांना थांबवता येत नाही, आणि ते आपले पोशाख उतरवतात. शांततेच्या माणसाचा बळी गेल्यावर हॉक आणि डव्ह दोघंही काय करू शकतात, हा प्रश्न त्यांच्या स्वतःच्या मालिकेत कधी इतक्या थेट आला नव्हता. 1977मधले टायटन्सचे 50 ते 52 हे अंक संख्येने भरलेल्या चमूची गोष्ट आहे. जोडीसाठी वाचत असाल तर चाळले तरी चालतील.

‘द ब्रेव्ह अँड द बोल्ड’ 181 (डिसेंबर 1981) मात्र क्रमात कुठेच बसत नाही. अ‍ॅलन ब्रेनर्ट यांचं लेखन, जिम अपारो यांची चित्रं, सोबत बॅटमन. यात हे भाऊ वयाने पुष्कळ वाढलेले आहेत आणि साठचं दशक सरल्यावर आपल्या टोकाच्या भूमिकांचं करायचं काय, यावर गोष्ट उभी आहे. त्याच सुमारास इतर अंकांत त्यांचे बरोबरीचे टायटन्स अजून कोवळेच होते, त्यामुळे काळाचा मेळ बसत नाही. मेळ लावत बसू नका. 1968च्या सहा अंकांनंतर लगेच, त्यांचा उपसंहार समजून हा अंक वाचा. जुन्या जोडीवरचं सर्वांत प्रौढ लेखन हेच आहे.

मग डीसीच्या असंख्य नायकांना एकत्र आणणारी मालिका ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्‌स’, बारावा अंक (1986). एका लहान मुलाला वाचवताना डॉनचा मृत्यू होतो. एवढ्या गर्दीच्या अंकात हे काही चौकटींत उरकलं आहे, त्यामुळे सहज नजरेतून निसटतं. पुढचं सगळं या मृत्यूवर उभं आहे, तेव्हा ते पान शोधूनच पुढे जा.

आता 1988. लेखन कार्ल आणि बार्बरा केसेल यांचं, रेखाटनं लायफेल्ड यांची, शाई कार्ल केसेल यांची. हँक वॉशिंग्टनमध्ये जॉर्जटाउन विद्यापीठात शिकतो आहे आणि भाऊ गेल्यापासून त्याला आवरणारं कोणी नाही. अशात नवी डव्ह समोर येते, डॉन ग्रेंजर. (मूळ इंग्रजीत भावाच्या आणि तिच्या नावांचे स्पेलिंग वेगळे आहेत, देवनागरीत घोटाळा होतो म्हणून तिला मी पुढे ग्रेंजर म्हणते.) लंडनमध्ये दहशतवाद्यांच्या तावडीत सापडलेल्या आईला सोडवू पाहताना तिला ही शक्ती मिळाली, नेमकी पहिल्या डव्हच्या मृत्यूच्या वेळी. हँकला सुरुवातीला ती कोण हे ठाऊक नसतं आणि भावाची जागा तिने घ्यावी हे त्याला सहनही होत नाही.

केसेल दांपत्याने केलेला बदल साधा आणि नेमका आहे. त्यांनी शांततेची जोड अव्यवस्थेच्या विरुद्ध असलेल्या सुव्यवस्थेशी घातली. हॉकला शक्ती देणारा टी-चार हा अव्यवस्थेच्या पक्षाचा, डव्हला देणारी तेरातया सुव्यवस्थेच्या पक्षाची. दोघं परस्परांच्या प्रेमात पडलेले, आणि दोन्ही पक्ष एकत्र नांदू शकतात हे दाखवण्यासाठी त्यांनी ही जोडी घडवली. त्यामुळे डव्हचं काम ‘मारू नकोस’ म्हणत मागे उभं राहण्याचं उरत नाही. ती समोरच्याची हालचाल आधी ओळखते, त्याचा जोर त्याच्यावरच वळवते, आणि हॉकचा धक्का कुठे लागला तर कमीत कमी नुकसान होईल हे ठरवते. तिसऱ्या नोंदीत इथून ‘हो’ यायला लागतं. शत्रू केस्ट्रेल हाही त्याच जगातून पाठवलेला, म्हणून पाचही अंक एका बैठकीत वाचले तर धागा तुटत नाही.

पाचव्या अंकात अव्यवस्थेच्या जगातली पानं लायफेल्ड यांनी आडवी काढली होती, म्हणजे वाचकाला अंक फिरवावा लागला असता. केसेल यांनी त्या चौकटी पुन्हा उभ्या पानात बसवल्या. काही चौकटींची मांडणी तिथे अवघडल्यासारखी वाटते, त्यामागे हे कारण आहे. हे पाच अंक ‘घोस्ट्स अँड डीमन्स’ या संग्रहात मिळतात, आणि 1968चे ‘द सिल्व्हर एज’ या संग्रहात. अशा संग्रहांत वाचकांची पत्रं आणि जाहिराती नसतात. त्या काळाची हवा हवी असेल तर निदान एक तरी सुटा अंक घ्या.

1989च्या मालिकेतली चित्रं मुख्यतः ग्रेग गुलर यांची. पहिल्या पाच-सहा अंकांत विद्यापीठातली मित्रमंडळी आणि रोजचं आयुष्य जास्त आहे. कंटाळून सोडू नका. 17व्या अंकापर्यंत द्रुस्पा ताउ या जगात शक्तीचं मूळ उलगडतं आणि ती मित्रमंडळी इतकी जागा का घेत होती ते तेव्हा कळतं. या जोडीवरचं सर्वांत भरीव काम म्हणजे हा पहिला सतरा अंकांचा टप्पा.

शेवटाकडे क्रम असा ठेवा : ‘आर्मागेडन 2001’चा (डीसीच्या अनेक मालिकांतून फिरणारी 1991ची कथा) पहिला अंक, मग ‘हॉक अँड डव्ह’चा दुसरा वार्षिकांक, मग 28वा अंक, आणि शेवटी ‘आर्मागेडन 2001’चा दुसरा. इथे हँकच मोनार्क हा हुकूमशहा बनतो. ते पटत नाही, आणि पटणारही नाही. मोनार्क म्हणून आधी डीसीचाच दुसरा नायक कॅप्टन अ‍ॅटमची योजना होती, ती बातमी बाहेर फुटली आणि ऐन वेळी नाव बदललं गेलं. वार्षिकांकात दाखवलेलं भविष्य या शेवटाशी जुळत नाही ते त्यामुळेच. आपल्याच वाचनात काही निसटलं असेल असं समजून मागची पानं धुंडाळू नका, दुवा तिथे नाहीच. पुढे 1994च्या ‘झिरो अवर’मध्ये हाच हँक एक्स्टंट नावाचा खलनायक होतो. त्या मालिकेचे अंक उलटे मोजले आहेत, 4पासून 0पर्यंत, म्हणून 4 आधी वाचायचा.

1997ची पाच अंकांची मालिका माइक बॅरन यांची. माणसं निराळी, जुन्या कथेशी संबंध नाही. वगळली तरी चालेल.

2009च्या ‘ब्लॅकेस्ट नाइट : टायटन्स’चे तीन अंक मात्र चुकवू नका. त्यात मेलेले नायक काळ्या अंगठ्यांनी उठवले जातात. तोवर मेलेला हँक उठतो आणि ग्रेंजरची बहीण हॉली, जी तोवर हॉक झालेली असते, तिला मारतो. पहिल्या डव्हला मात्र अंगठी उठवू शकत नाही. तो शांत झालेला आहे एवढंच ती नोंदवते. शांततेला शक्ती म्हणून इतक्या थोडक्या शब्दांत या सगळ्या इतिहासात कुणी मांडलेलं नाही. त्याला जोडून ‘ब्राइटेस्ट डे’ 0 ते 24 वाचा, हँक तिथे जिवंत परतलेला आहे. 2011चे आठ अंक स्टर्लिंग गेट्स यांनी सुरू केले, सहाव्यापासून लायफेल्ड यांनी लेखनही हाती घेतलं, आणि आठव्याला मालिका थांबली. ते चटकन वाचून होतात.

जुनी प्रत घेताना आधी पानं मोजा. मुखपृष्ठ सोडून 16 पानं, म्हणजे पाठपोट 32 पृष्ठं, हवीत. मधली जोडपानं पिनांतून सुटून हरवलेली असतात. जाहिरातीतलं कूपन कापलेलं असेल तर मागच्या बाजूची गोष्टीची चौकटही गेलेली असते, म्हणून कूपनाच्या पानाचा फोटो वेगळा मागवा. पिशव्या दोन मापांच्या लागतात : साठच्या दशकातल्या अंकांना 7⅛ इंच रुंदीच्या, 1988नंतरच्यांना 6⅞ इंचाच्या. जुना अंक नव्या मापाच्या पिशवीत कोंबला की कडा दुमडतात. मागे आम्लरहित पुठ्ठा घाला. पिशवीचं तोंड चिकटपट्टीने बंद केलं असेल तर अंक काढताना पट्टी मुखपृष्ठाला चिकटून रंग ओरबाडते, म्हणून पट्टी आधी पूर्ण काढून टाका किंवा झाकण नुसतं पुठ्ठ्यामागे खोचा.

मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात पिना गंजतात आणि गंज कागदात उतरतो. अंक खोक्यात उभे ठेवा, भिंतीपासून लांब, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. पुड्या पावसाळ्याच्या आधी आणि मध्ये एकदा बदला. डांबराच्या गोळ्या नकोत, त्यांचा वास जुन्या कागदातून जात नाही.