एवढी मोठी कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आमच्याकडे पाहुणा आला की चहा होईपर्यंत त्याची नजर हॉलमधल्या काचेच्या कपाटातल्या मोठ्या प्लास्टिकच्या मुलीवर, म्हणजे एका पात्राच्या फिगरवर, खिळलेली असते. पुण्याहून आलेले नातेवाईक "केवढ्याला पडली गं?" विचारतात. इथल्या, म्हणजे तोक्योच्या निशी-कसाईतल्या, शेजारणी "लेकीची का?" विचारतात. या दोघांना मी आलं किसता किसता उत्तर देऊन टाकते: महाग पडली, आणि माझीच आहे. पण ज्यांना ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन, थोडंफार ठाऊक आहे ते जास्त नेमकं विचारतात. "हिच्याच वीतभर फिगर मिळतात की. एवढी मोठी कशाला?" याला मात्र चहा संपला तरी उत्तर संपत नाही, म्हणून एकदाच लिहून काढते.

कपाटात मधोमध उभी आहे ती हात्सुने मिकू. ती मुळात कुठल्या मालिकेतली नाहीच. साप्पोरोच्या क्रिप्टन फ्यूचर मीडिया या कंपनीने 31 ऑगस्ट 2007 ला गाणी म्हणणारं एक सॉफ्टवेअर बाजारात आणलं, त्याच्या खोक्यावरचं हे चित्र. काढलं केई नावाच्या चित्रकाराने. कंपनीने आवाजाबरोबर तिची उंचीही जाहीर करून टाकली, 158 सेंमी. त्यामुळे हिशेब सोपा होतो. 1/8 स्केलची, म्हणजे त्या उंचीच्या आठव्या हिश्शाची, मिकू पावणेवीस सेंटिमीटरची, आजकाल जास्त चालणारी 1/7 साडेबावीसच्या आसपास, आणि माझी 1/4 ची साडेएकोणचाळीस. 1/8 च्या शेजारी ठेवली तर उंची दुप्पट. पण लांबी, रुंदी, जाडी तिन्ही दुप्पट झाल्यावर आकारमान आठपट होतं, आणि खरी गंमत तिथूनच सुरू होते.

कागदावरची मुलगी ही शुद्ध लबाडी असते. तिचे डोळे एवढे मोठे, की डोळ्यांचे खरेखुरे गोळे असते तर कवटीच्या आत एकमेकांवर आपटले असते. समोरून पाहिलं तर नाक जवळजवळ नाहीच, बाजूने पाहिलं तर टोकदार. तिरप्या चेहऱ्यात तोंड सरळ गालावर सरकवलेलं. भुवया तर चक्क कपाळावरच्या बटांच्या वरून काढतात, जणू केस पारदर्शक आहेत. कागदावर हे सगळं खपून जातं, कारण आपण एका वेळी एकाच बाजूने बघतो. मूर्ती घडवणाऱ्याला ती सोय नाही. त्याला एकच नाक करायचंय आणि ते सगळीकडून पटायला हवं. जपानीत या माणसाला गेन्केइशी म्हणतात. पूर्वी तो कागदी लगद्याच्या मातीत नाहीतर पुटीत कोरायचा, आता बहुतेक जण संगणकावर घडवतात आणि थ्रीडी प्रिंटरवर काढून मग हाताने घासतात. भुवयांचा तिढा काही जणांनी फार सुंदर सोडवलाय. कपाळावरच्या बटा अर्धपारदर्शक प्लास्टिकच्या करायच्या आणि रंग टोकाकडे विरळ करत न्यायचा. जवळ जाऊन पाहिलं की आतली भुवई पुसटशी दिसते.

वीस सेंटिमीटरमध्ये यातल्या निम्म्या अडचणी झाकून जातात. गुडघ्याच्या मागची बाजू म्हणजे एक खळगा, झालं काम. चाळीसमध्ये तिथे काय आहे हे कुणीतरी ठरवावं लागतं: शीर ताणलेली आहे का, भार कुठल्या पायावर आहे, मोज्याची कड मांसात किती रुतली आहे. मिकूच्या बाह्यांचंच बघा. केईने तिचे कपडे यामाहाच्या डीएक्स7 या जुन्या सिंथेसायझरवरून बेतलेत, म्हणून बाहीवर बटणं आणि पट्ट्या आहेत. 1/8 मध्ये ते रंगाचे ठिपके असतात. माझ्या मिकूच्या बाहीवर प्रत्येक पट्टी वेगळी उठून दिसते, दोन पट्ट्यांमधली फट खरोखरची फट आहे, आणि बाही जिथे दुमडते तिथे पट्ट्यांची रांगही तिच्याबरोबर वाकते. डाव्या दंडावरचा लाल 01 दंडाच्या गोलाईवर असूनही समोरून सरळ वाचता येतो. म्हणजे कुणीतरी तो आकडा मुद्दाम किंचित ताणून छापलाय. हे समजल्यावर त्या दंडाकडे नुसतं बघणं मला जमत नाही.

यात माझा धंदा आडवा येतो हेही सांगायला हवं. मी भोसरीतल्या टूलरूममध्ये शिकले आणि आजही प्लास्टिकचे मोल्डच डिझाइन करते. माझ्या ओळखीतले बाकीचे लोक फिगरचा चेहरा बघतात, मी आधी पार्टिंग लाइन शोधते. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे रेष उमटणारच, ती कुठे लपवायची हा खरा कस. चांगल्या कामात ती केसांच्या दोन बटांमधून, शिवणीवरून किंवा पट्ट्याच्या कडेने नेलेली असते. स्वस्तात ती सरळ पोटरीवरून उतरते. फिगरचं प्लास्टिक, पीव्हीसी, मऊ असतं, त्यामुळे साच्यात अडकणारे आडवेतिडवे भागही थोडे वाकवून ओढून काढता येतात. कडक प्लास्टिकमध्ये तसं केलं तर तुकडा पडेल. म्हणून कपड्यांच्या चुण्या आणि केस पीव्हीसीचे, आणि जिथे ताठपणा हवा तिथे, बैठकीला वगैरे, एबीएस हे कडक प्लास्टिक.

आकार मोठा झाला की हाच मऊपणा अंगावर येतो. जाड भाग थंड होताना आत खेचला जातो आणि वर खळी पडते, सिंक मार्क. म्हणून मोठे भाग पोकळ करावे लागतात, किंवा तुकड्यांत पाडून जोडावे लागतात आणि प्रत्येक जोड पुन्हा लपवावा लागतो. त्यात मिकूच्या दोन वेण्या, म्हणजे दोन्हीकडे बांधून पार पावलांपर्यंत सोडलेले केस. चित्रात ते वाऱ्यावर उडतात. 1/4 मध्ये ते हातात घेतल्यावर जाणवेल इतके जड असतात आणि सगळा भार एका लहानशा डोक्याच्या दोन बिंदूंवर. खोक्यात या वेण्या सुट्या येतात, आपण खुंट्या बसवून लावायच्या. माझ्या मिकूची एक वेणी वळसा घेऊन बैठकीला टेकते. पाहणाऱ्याला ती ऐट वाटते. मला तो खांब दिसतो, आणि खांब असून खांब वाटत नाही म्हणून त्या माणसाला मनातल्या मनात सलाम करते.

डोळे रंगवत नाहीत, छापतात. सिलिकॉनच्या मऊ उशीवर शाई उचलायची आणि चेहऱ्याच्या वळणावर दाबायची. प्रत्येक रंगाचा ठसा वेगळा, एकावर एक. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी शेवटी होते आणि तिथला सगळ्यात जाणता हात ती करतो. आपल्याकडच्या माणसाची नजर मूर्तीच्या डोळ्यांवरच आधी जाते ती उगाच नाही. इथे जाणता हात यंत्राच्या आधी लागतो, ठसा आखताना. पण चूक तीच, केसभर सरकलं की मुलगी तिरळी. मोठ्या स्केलमध्ये डोळा बोटाच्या पेराएवढा होतो, बुबुळातली वर्तुळं मोजता येतात, त्यामुळे सरकलेला ठसा दारातून दिसतो.

हे सगळं आलं कुठून याची एक गोष्ट मला फार आवडते. ओसाकाजवळच्या मोरिगुचीत 1964 मध्ये मियावाकी ओसामु नावाच्या गृहस्थांनी दीड त्सुबोचं, म्हणजे जेमतेम पाच चौरस मीटरचं, मॉडेलचं दुकान काढलं. असं सांगतात की उदोन शेवयांचं दुकान काढावं की मॉडेलचं हे ठरेना, तेव्हा त्यांनी लाकडी तलवार उभी धरून सोडून दिली आणि ती पडली त्या बाजूचा धंदा केला. तेच काइयोदो. 1980 च्या दशकात तिथे आणि आणखी काही ठिकाणी हौशी पोरं सिलिकॉनच्या साच्यात रेझिन ओतून स्वतःच्या आवडीची पात्रं करू लागली. गॅरेज किट. सुटे, बेरंगी तुकडे, घरी नेऊन घासा, जोडा, रंगवा. त्यातूनच वंडर फेस्टिव्हल हा फिगरचा मेळा उभा राहिला, जो आता तोक्योशेजारच्या चिबातल्या माकुहारी मेस्से या प्रदर्शन संकुलात वर्षातून दोनदा भरतो. त्याची एक व्यवस्था मला कायद्याच्या पुस्तकात ठेवावीशी वाटते: पात्राचे हक्कदार त्या हौशी कलाकाराला फक्त त्या एका दिवसापुरती, त्या हॉलपुरती विकायची परवानगी देतात. संध्याकाळी परवानगी संपली. आज मोठ्या कंपन्यांत काम करणारे कितीतरी गेन्केइशी अशाच टेबलांमागे बसून पुढे आले.

काइयोदोच्याच बोमे या कलाकाराने 1990 च्या दशकात मुराकामी ताकाशी या नामवंत चित्रकारासाठी माणसाएवढी एक मुलगी घडवली, मिस को2. वेट्रेसच्या वेशातली, शुद्ध ॲनिमे चेहऱ्याची. 2003 मध्ये न्यू यॉर्कच्या लिलावात ती साडेपाच लाख डॉलरच्या वर गेली. कलेच्या बातम्यांत नाव मुराकामीचं, आणि ते बरोबरच, कल्पना त्याची होती. पण आमच्या जगात घडवणाऱ्याचं नाव खोक्यावर छापतात, आणि लोक ते नाव बघून आगाऊ नोंदणी करतात. मीही.

आता न विचारलेला प्रश्न. बऱ्याच जणांच्या तोंडावर असतो, बोलत नाहीत: या मुली अशा उघड्यावाघड्या का? मोठ्या स्केलच्या बाजारात सशाचे कान आणि तोकडा पोशाख, म्हणजे बनी, हा प्रकार खरोखरच बोकाळलाय. फ्रीइंग कंपनीची 1/4 ची ती मालिकाच आहे. तिच्यात एक गोष्ट मात्र नावाजण्यासारखी, जाळीचे मोजे खऱ्या कापडाचे असतात. पायाच्या गोलाईवर रंगाने जाळी कधीच नीट बसत नाही, या आकारात तर मुळीच नाही. पण फिगर म्हणून मला त्या कंटाळवाण्या वाटतात. पात्र कुठलंही असो, पोशाख तोच, उभं राहणंही थोड्याफार फरकाने तेच. गेन्केइशीने ठरवावं असं फार काही उरत नाही. आई इथे आली होती तेव्हा अकिहाबारा या तोक्योतल्या ॲनिमे-दुकानांच्या भागात एका काचेसमोर थांबून तिने एवढंच विचारलं, "हिला थंडी नाही का वाजत?" माझं मत साधारण तेच आहे.

पैशांचं. 1/4 ची नवी फिगर हल्ली तीस-चाळीस हजार येनच्या घरात सहज जाते. आधी नोंदणी करायची, मग वाट बघायची, बहुतेक वेळा वर्षभर, आणि तारीख पुढे ढकलली की जपानी पद्धतीने माफीचा मेल वाचायचा. मी बऱ्याचदा जुनी घेते. तोक्योतल्या नाकानो ब्रॉडवे या दुकानांच्या इमारतीत मांदाराके आहे, एका मांगा (जपानी कॉमिक्स) चित्रकाराने 1980 मध्ये जुन्या पुस्तकांसाठी सुरू केलेलं दुकान, आता त्या इमारतीत ठिकठिकाणी पसरलंय. तिथे खोक्यावर चिठ्ठी असते: उघडलेलं आहे, डाव्या केसावर रंग घासलाय, बैठकीवर ओरखडा. लोक न उघडलेल्या खोक्यासाठी जास्त पैसे मोजतात. मी उघडलेलं शोधते. जी दोन-तीन उन्हाळे कपाटात उभी राहूनही वाकली नाही, ती पुढेही वाकायची नाही.

कारण त्या वाकतात. तोक्योचा ऑगस्ट पस्तीस अंशांचा असतो, पीव्हीसी मऊ पडतं, आणि एका पायावर तोललेली मुलगी हळूहळू पुढे कलते. चांगले उत्पादक घोट्यातून धातूची सळी घालतात. कललीच तर गरम पाण्यात पाय बुडवून, मऊ झाला की सरळ करून लगेच गार पाण्यात धरतात. बंद खोक्यात वर्षानुवर्षं राहिली तर मऊपणासाठी घातलेलं रसायन वर येतं आणि अंग चिकट होतं. कोमट पाणी, सौम्य साबण, मग मोकळी हवा. उन्हात पांढरं पिवळं पडतं, त्यामुळे आमच्या हॉलचा दक्षिणेकडचा पडदा दिवसभर ओढलेला असतो. नवऱ्याची यावर मतं आहेत. धूळ मेकअपच्या ब्रशने. बहुतेकांच्या घरी असतं ते इकेआचं उभं काचेचं डेटॉल्फ 1/7 साठी ठीक, 1/4 साठी मधली एक काच काढून ठेवावी लागते. शिवाय रिकामं खोकं टाकायचं नाही, विकताना भाव त्याच्यावर ठरतो. या खोक्यांनी आमचं अंथरुणांचं कपाट केव्हाच गिळलंय.

कोथरूडचा भाचा विचारतो, मावशी, मला पाठव ना एक. त्याला सांगितलं की भारतात खेळण्यांवरचं आयात शुल्क 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के झालं आणि 2023 मध्ये 70, वर चाळीस सेंटिमीटरच्या मुलीच्या खोक्याचं विमानभाडं वेगळं. त्यापेक्षा तूच ये. अकिहाबारातल्या रेडिओ काइकान या इमारतीत भाड्याने दिलेले काचेचे खण आहेत, लोक आपापल्या फिगर विकायला मांडून ठेवतात, बघायला पैसे पडत नाहीत. एकाच पात्राची छोटी आणि मोठी शेजारी सापडली की चेहरा सोडून दे, मागे आरसा असेल त्या खणात मान, कोपर आणि टाच बघ. मोठी नुसतीच फुगवलेली छोटी असेल तर तिथेच कळेल. तशाही असतात, आणि त्या मी घेत नाही.