फ्लॅट कुठे घ्यावा, हे तुम्ही विचारलंत म्हणून

लग्नाच्या पंगतीत, बारशाला, अगदी दहाव्याला गंगेवर, म्हणजे आपल्या गोदाकाठी, गेलेलं असतानासुद्धा हा प्रश्न मला विचारला गेला आहे. "तुम्ही नगररचनेतल्या ना? मग नाशिकमध्ये फ्लॅट कुठे घेऊ ते सांगा." विचारणाऱ्याला खरं तर दोन नावं हवी असतात. एक आज परवडेल असं, दुसरं पाच वर्षांत दुप्पट होईल असं. भाव कुठे वाढेल हे मला सांगता येत नाही. ज्यांना सांगता येतं, ते माझ्यासारखी नकाशे काढायची कामं करत बसत नाहीत. पण राहायला कुठे बरं, असा प्रश्न असेल तर माझ्याकडे उत्तर आहे. ते एका नावात मावत नाही, एवढंच.

फ्लॅट बघायला जाल तेव्हा फ्लॅट सगळ्यात शेवटी बघा. आधी गेटबाहेर या आणि पिठाची गिरणी कुठे आहे ते विचारा. हसू नका. गिरणीला कमी भाड्याचा गाळा लागतो. ती चालवणारं कुटुंब जवळपास राहावं लागतं. डबा घेऊन पायी येतील इतकी घरं आजूबाजूला लागतात, आणि तिचा आवाज चालवून घेणारे शेजारी लागतात. एवढ्या चार गोष्टी जिथे जमून आल्या आहेत तिथे किराणा, औषधाचं दुकान, इस्त्रीवाला, सायकलचं पंक्चर काढणारा, शाळेच्या वह्या विकणारा, सगळे असतातच. जिथे गिरणी नाही तिथे हळद संपली तरी कोणीतरी गाडीची किल्ली शोधत असतं.

चालण्याजोगी वस्ती म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे फुटपाथ येतो. फुटपाथ हवाच. भारतीय रस्ते परिषदेच्या मानकाप्रमाणे चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि कडेची उंची १५० मिलिमीटरहून जास्त नको. नाशिकात हे माप घेऊन निघालात तर फारसं काही मोजावं लागणार नाही. पण फुटपाथ करून वस्ती चालण्याजोगी होते, हे मला पटत नाही. त्र्यंबक नाका ते अशोकस्तंभ या १.१ किलोमीटरच्या स्मार्ट रोडवर माणसं चालतात, कारण तिथे कोर्ट आहे, कलेक्टर कचेरी आहे, सीबीएसचं बसस्थानक आहे. रस्ता स्मार्ट होण्याआधीही ती चालतच होती. उलट गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकभोवती सकाळी लागलेल्या गाड्या बघा. चालण्यासाठी गाडीने येणाऱ्यांचं शहर आहे आपलं. त्यांच्या घराच्या आसपास चालत जावं असं काही उरलेलंच नाही.

मग चालण्याजोगं कशाने होतं? आधी अंतराचा हिशोब करू. १९२९ मध्ये न्यूयॉर्कच्या क्लॅरन्स पेरी यांनी वस्तीचं एक माप मांडलं. तिथे रस्त्यांवर मोटारींखाली मुलं सापडू लागली होती, म्हणून त्यांनी शाळा मधोमध ठेवली, मोठे रस्ते कडेला ढकलले आणि घरापासून शाळेचं अंतर पाव मैलाच्या, म्हणजे साधारण ४०० मीटरच्या आसपास धरलं. धडधाकट माणसाला पाच मिनिटं, गुडघे दुखणाऱ्या आजीला दहा. आता ४०० मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढलं तर आत सुमारे १२५ एकर जमीन येते. रस्ते आणि मोकळ्या जागा धरून एकरी सरासरी ८ बंगले पकडले तर झाली हजार घरं. त्याच भूखंडांवर प्रत्येकी ६ फ्लॅटची तीन मजली इमारत उभी राहिली तर सहा हजार. हजार बंगल्यांवर गिरणी चालत नाही, कारण त्यातले निम्मे लोक पाकिटातलं पीठ आणतात. सहा हजार घरांवर दोन-तीन चालतात, भाजीचा कट्टा भरतो आणि बसला प्रवासी मिळतात. यासाठी वीस मजले लागत नाहीत. इंदिरानगर, कॉलेज रोडच्या आतल्या गल्ल्या, नाशिकरोडचा जेल रोड इथे आपण ज्याला नुसतं ‘अपार्टमेंट’ म्हणतो, त्या तीन-चार मजली, आठ-बारा फ्लॅटच्या इमारतींनी हे काम कधीच करून टाकलं आहे. नगररचनाकारांनी त्यांचं कौतुक केल्याचं मी फारसं ऐकलेलं नाही.

पण नकाशावरचं अंतर आणि पायाखालचं अंतर यात नाशिकमध्ये फार मोठी दरी पडते, आणि ती जमिनीच्या बांधावर पडते. शहराच्या कडेला पाथर्डी, मखमलाबाद, आडगाव इकडे द्राक्षाचे मळे होते, काही अजून आहेत. एकेक मळा एनए, म्हणजे बिगरशेती, होतो, त्याचा स्वतंत्र ले-आउट मंजूर होतो. विकास आराखडा मोठे डीपी रस्ते दाखवतो. मधले छोटे रस्ते ज्याचे त्याने आपापल्या गटात, म्हणजे जमिनीच्या तुकड्यात, काढायचे. मग एकाचा ९ मीटरचा रस्ता जिथे संपतो, तिथे शेजारच्या गटाची भिंत उभी असते. भिंतीपलीकडचं दुकान स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं. पाटी वाचता येते. जायचं मात्र गेटमधून बाहेर, डीपी रोडला, तिथून वळसा घालून परत आत. शंभर मीटरचे हजार मीटर होतात. फाटकबंद टाउनशिपमध्ये तर हे मुद्दाम केलेलं असतं. एकच गेट, चारी बाजूंनी कंपाउंड, आणि त्याला सुरक्षितता म्हणायचं.

यावर उपाय जुनाच आहे: नगररचना योजना. सगळ्यांच्या जमिनी एकत्र धरायच्या, रस्ते-मैदानं-शाळा आधी काढायच्या आणि उरलेले भूखंड ज्याच्या त्याला परत द्यायचे. मुंबई प्रांतात त्यासाठी १९१५ सालीच कायदा झाला होता. गुजरातने तो अंगवळणी पाडून घेतला, आपण विसरलो. स्मार्ट सिटीच्या नावाखाली मखमलाबाद-हनुमानवाडीच्या सुमारे ७५० एकरांवर अशी योजना आखली, तेव्हा शेतकऱ्यांचा कडवा विरोध झाला. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. ज्याच्या हातातली जमीन आधी जाते आणि परतावा मागून येणार असतो, त्याने विश्वास ठेवायचा तरी कशावर? योजना कागदावर चांगली होती, हे मात्र खरं.

आता माझ्या मते या प्रश्नाचा गाभा. वस्तीत कोण कोण राहतं?

मी सिडकोत वाढले. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या कामगारांसाठी सिडको या सरकारी महामंडळाने सहा योजनांत बांधलेली ती घरं; वस्तीचं नावही सिडकोच पडलं. पहिली स्कीम, चौथी स्कीम, सहावी स्कीम. पत्ताच असा सांगायचा. घर लहान, गल्ली लहान, पण एक गल्ली दुसरीला मिळणार म्हणजे मिळणार. खानदेशातून आलेली इतकी कुटुंबं की श्रावणात कानबाई देवी बसली की गल्लोगल्ली अहिराणी ऐकू यायची. आमच्या ओळीत कंपनीतले फिटर होते, शिक्षक होते, रिक्षावाले होते, एक एसटीचे कंडक्टर, शिवणकाम करणाऱ्या दोन काकू. पुढे ज्याला जमेल त्याने समोर एक खोली काढली. कोणी किराणा टाकला, कोणी शिकवणी, कोणी पार्लर. नियमात यातलं काहीच बसत नव्हतं. २०१८ मध्ये महापालिकेने अशा वाढीव बांधकामांवर पाडण्यासाठी खुणा करायला घेतल्या तेव्हा सिडको रस्त्यावर उतरलं होतं. आग लागली तर बंब आत यायला हवा, हे मलाही कळतं. त्या बांधकामांतली काही खरंच धोक्याची आहेत. पण नगररचनेच्या पुस्तकात ज्याला मिश्र वापर म्हणतात तो सिडकोत लोकांनी असा स्वतःच्या हाताने बांधला, आणि आराखड्यात प्रत्येक वापराला ठरलेला रंग असतो, त्याच्यासाठी मात्र रंग नव्हता.

याच्या उलट गंगापूर रोडचं पुढचं टोक घ्या. सगळे फ्लॅट एकाच किमतीचे, म्हणजे राहणारे सगळे एकाच पगाराचे. धुणंभांड्याच्या मावशी दोन रिक्षा बदलून येतात आणि त्यांनी खाडा केला की सोसायटीच्या ग्रुपवर कल्लोळ होतो. इस्त्रीवाला नाही, प्लंबर ‘उद्या येतो’ म्हणतो आणि येत नाही. कसा येणार? त्याचं घर दहा किलोमीटरवर आहे. ज्यांच्यामुळे घर चालतं त्यांना ४०० मीटरच्या आत राहायला जागाच ठेवलेली नाही. म्हणून मी म्हणते, वस्ती चालण्याजोगी व्हायची तर आधी ती सरमिसळ असावी लागते. गरिबांवर उपकार म्हणून नव्हे, तुमची हळद जवळ मिळावी म्हणून.

कायद्यात याची सोय आहे. २०१३ पासून महाराष्ट्रातल्या मोठ्या शहरांत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेवर प्रकल्प केला तर २० टक्के भाग लहान, ३० ते ५० चौरस मीटरच्या घरांसाठी ठेवायचा असतो; ती घरं म्हाडाच्या यादीतून जातात. राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीतही हा नियम आहे. यातून सुटायचं कसं, हेही लगेच निघालं. जागेचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकडा मर्यादेच्या जरा खाली. नाशिकमधलं हे प्रकरण विधिमंडळात गाजलं होतं. हे का होतं ते तुम्हाला आम्हाला ठाऊक आहे. साइट ऑफिसात ग्राहकच विचारतो, "त्या घरांचं गेट वेगळं आहे ना?" आणि भाड्याने जागा मागायला आलेल्याला आपण भाड्याच्या आधी आडनाव विचारतो. सिंगापूरने १९८९ मध्ये सरकारी घरांत प्रत्येक इमारतीपुरता निरनिराळ्या वंशांच्या कुटुंबांचा कोटाच ठरवून टाकला. आपल्याकडे ते जमेल असं मला वाटत नाही, आणि तशी सक्ती मला पूर्णपणे पटतही नाही. पण लहान-मोठी घरं एकाच गल्लीत असली की निम्मं काम सक्तीवाचून होतं.

जुन्या नाशकात ते होत होतं. खाली दुकान, माडीवर मालक, मागच्या चौकात भाडेकरूंची बिऱ्हाडं. तांबट लेन, दहीपूल, भद्रकाली, सगळं एकमेकांना चिकटून. तरी तिकडे परत चला असं मी म्हणत नाही. पावसाळा आला की एखादा वाडा खचल्याची बातमी येते, आणि झाकून टाकलेला सरस्वती नाला आजही सराफ बाजारात शिरून आपली जागा मागतो.

पर्यावरणाचं थोडक्यात सांगते, कारण ब्रोशरमध्ये त्याचं खूप लांबलचक असतं. गच्चीवर सौर पॅनल, खाली सांडपाण्याचं शुद्धीकरण, भिंतीवर ‘ग्रीन’ची पाटी, आणि दुधाच्या पिशवीसाठी पेट्रोल. मी तीन गोष्टी बघते. रस्त्यावर एप्रिलच्या दुपारी सावली देणारी झाडं आहेत का. गुलमोहर, कडुनिंब चालेल, शोभेचे पाम नको. आवारात पाणी मुरायला माती उरली आहे का, की भिंतीपासून भिंतीपर्यंत पेव्हर ब्लॉक. आणि तळमजल्यावर काय आहे. पूर्ण तळमजला पार्किंगचा असेल, आणि अशा दहा इमारती ओळीने असतील, तर संध्याकाळी सातनंतर त्या गल्लीत दिव्याखाली कुत्री तेवढी असतात. एखादी उघडी खिडकी, एखादा दवाखाना, एखादी शिकवणी असली की मुलगी क्लासहून एकटी चालत येते.

बसचा थांबा मात्र स्वतः जाऊन बघा. शहर बससेवा एसटीकडून महापालिकेकडे आली, जुलै २०२१ मध्ये सिटीलिंक सुरू झाली. तुमच्या थांब्यावरून बस दर किती वेळाने जाते ते तिथे अर्धा तास उभं राहिल्याशिवाय कळत नाही. मेट्रोच्या भरवशावर घर घेऊ नका. २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात निओ मेट्रोसाठी २,०९२ कोटी रुपये जाहीर झाले, तेव्हापासून ती जाहिरातींतून धावते आहे.

एवढं ऐकून लोक म्हणतात, "ते सगळं ठीक, पण नाव सांगा ना." सांगते. तुमच्या बजेटमध्ये नवीन टॉवरमधला टू बीएचके बसत असेल, तर त्याच पैशात इंदिरानगरच्या बोगद्याच्या अलीकडे-पलीकडे किंवा जेल रोडच्या आतल्या गल्लीत वीस-पंचवीस वर्षांच्या अपार्टमेंटमधला जरा मोठा फ्लॅट मिळतो का ते बघा. लिफ्ट नसेल तर पहिला मजला घ्या. स्लॅबची गळती पावसाळ्यातच तपासा, उन्हाळ्यात सगळ्याच गच्च्या कोरड्या असतात. गच्चीवर जास्तीचा एखादा मजला चढवलेला नाही ना, मंजूर नकाशा आणि पूर्णत्वाचा दाखला मागून घ्या. नाशिकात बऱ्याच जुन्या इमारती सहकारी सोसायटी नसून १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखालच्या आहेत, त्यामुळे विकणाऱ्याच्या नावाने डीड ऑफ अपार्टमेंट, म्हणजे फ्लॅटच्या मालकीचा दस्त, नोंदलेलं आहे का, ते टोकन देण्याआधी वकिलाला दाखवा. कर्ज जुन्या फ्लॅटलाही मिळतं. बँकेचा माणूस इमारतीचं वय विचारेल, मुदत थोडी कमी देईल. आणि गिरणीवाल्याशी दोन मिनिटं बोला. त्या इमारतीचं पाणी किती वाजता येतं आणि कोणत्या मजल्यावर कोण भांडतं, हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नसतं.